दमयंतीची सवत

मेलेल्या बाईचा हेवा करणं शोभत नाही, हे दमयंतीला कुणी शिकवायची गरज नव्हती. ती स्वतःच ते दुसऱ्यांना शिकवू शकली असती. पण शोभत नाही म्हणून पोटातलं दुखणं थांबतं थोडंच? कृष्णकांतांची पहिली बायको नर्मदा जाऊन तीसच्या वर वर्षं झाली होती, आणि जवळपास तेवढीच वर्षं ती दमयंतीच्या गळ्यात होती. अगदी खरोखरची गळ्यात. त्या घरातली रीतच तशी होती. पहिली सौभाग्यात गेली आणि तिच्या जागी दुसरी आली, की दुसरीने पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात बांधायचा. टाक म्हणजे रुपयाएवढा पत्रा, त्यावर उठवलेली एक बाई, नाकडोळे पुसट, पदर डोक्यावर. नवं लुगडं आलं की त्याची घडी आधी टाकाला लावायची, मग आपण नेसायचं. भाद्रपदात अविधवा नवमीला टाक दुधाने धुऊन पाटावर मांडायचा, त्याच्यापुढे पान वाढायचं आणि नर्मदेच्या नावाने एक सवाष्ण जेवू घालायची.

दमयंतीने हे सगळं बिनतक्रार केलं. म्हणजे तोंडाने बिनतक्रार. हाताने ती काय काय करी ते तिचं तिला माहीत. लुगड्याची घडी टाकाला लावायची तर ती पदराची बाजू कधी लावत नसे, आतली लावी. घे बाई, तुला एवढं पुरे. नवमीच्या नैवेद्यातल्या अळूवड्या ती नेहमी कडेच्या, जरा करपलेल्या निवडी. नर्मदा बिचारी काही बोलत नसे. म्हणून इतकी वर्षं दोघींचं बरं चाललं होतं.

आणि एक चिकूचं झाड होतं. तारापूरच्या रस्त्याला आत वळलं की त्यांची वाडी लागे. नारळ, चिकू, कडेला मोगरा आणि थोडी अबोली. वाडीत चिकूची झाडं पुष्कळ, पण विहिरीपाशी एक होतं त्याची फळं कृष्णकांत बाजाराला पाठवत नसत. बाकीचे चिकू निवडून करंड्यांत भरले जात. ह्या झाडाचे मात्र ते स्वतः काढत, स्वतः पेंढ्यात पिकत घालत आणि पिकले की न बोलता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आणून ठेवत. दमयंती लग्न होऊन आली तेव्हा ते झाड हातभर उंच होतं आणि त्याचं आळं ताजं, ओलं होतं. तिचं माहेर वाणगावचं, मिरचीवाल्यांचं. चिकूतलं तिला काही कळत नव्हतं. एवढं वाढलं म्हणजे दोन-तीन वर्षांचं असणार, असा तिने अंदाज बांधला. म्हणजे नर्मदेने लावलेलं. म्हणूनच एवढा जीव. त्या दिवसापासून तिने त्या झाडाचा चिकू तोंडात घातला नाही. कुणी विचारलं तर म्हणे, मला बाधतो.

कृष्णकांत तसे कोरडे. मारझोड नाही, शिवीगाळ नाही, पण गोड शब्दही नाही. दमयंतीला त्यांनी नावाने कधी हाक मारली नाही. ‘अगं’ म्हणाले तर म्हणाले, नाहीतर नुसतं खाकरत. तिने त्याचीही समजूत घालून घेतली होती. माणूसच असा, त्याला तो तरी काय करणार. कोरडा माणूस सगळ्यांनाच सारखा कोरडा असतो, ह्या एका विचारावर तिचा संसार झाला.

मग दुखणं आलं. ज्या माणसाला अंगठ्याने साल घासून आतला रंग बघता क्षणी चिकू काढणीला आला की नाही ते कळे, तो हिरवे कच्चे चिकू करंडीत भरायला लागला. एकदा बोईसर स्टेशनच्या बाहेर रिक्षात बसले आणि रिक्षावाल्याला म्हणाले, घरी चल. कुठलं घर ते सांगता येईना. तो बिचारा परप्रांतातला, त्याने ह्यांच्याच फोनवरून शैलेशला कळवलं, ‘चाचाजी रो रहे हैं, जल्दी आइए.’ शैलेश हा नर्मदेचा मुलगा. आई गेली तेव्हा तो बोलायला लागला होता न लागला होता. पालघरच्या डॉक्टरांनी तपासलं, मग मुंबईला नेऊन डोक्याचे फोटो काढले, आणि त्या दुखण्याला अल्झायमर म्हणतात हे सगळ्या घराला पाठ झालं.

पण नाव पाठ होऊन काय उपयोग? दमयंतीला ते समजून घ्यायचं होतं. शैलेशची बायको दिशा बोईसरच्या एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत तपासणीच्या खात्यात होती. एका रविवारी दोघी पडवीत चिकू निवडत बसल्या असताना दमयंतीने तिला गाठलं. डॉक्टर पटपट बोलतात, तू मला कळेल असं सांग, म्हणाली.

दिशाने सांगितलं. मेंदूतल्या पेशींच्या अंगावर एक प्रथिन असतं. ते कापलं जातं, त्याचे बारीक तुकडे होतात. हे सगळ्यांच्याच डोक्यात चालतं, आई, तुमच्याही आणि माझ्याही. तुकडे एरवी वाहून जातात. पण त्यातला एक तुकडा चिकट. तो मागे राहिला की दुसऱ्याला चिकटतो, दोघं मिळून तिसऱ्याला धरतात. नीट राहायचं सोडून तो वेडावाकडा दुमडतो आणि शेजारच्यालाही तसाच दुमडायला लावतो. त्याला अमायलॉइड म्हणतात.

“चिकूच्या चिकासारखं,” दमयंती म्हणाली. तिच्या बोटांना तो लागलेलाच होता.

तसंच धरा, दिशा म्हणाली. त्याचे मोठे गठ्ठे होतात ते तर दिसतातच. पण खरा घात त्यातले छोटे छोटे गोळे करतात, असं आता पुष्कळ जण मानतात. एक पेशी दुसरीला जिथे निरोप देते, त्या सांध्यात ते जाऊन बसतात. मग निरोप पोचत नाही. मेंदूत साफसफाई करणाऱ्याही पेशी असतात, त्या धावून येतात. गठ्ठा काही निघत नाही, त्या चिडतात, आणि त्या चिडण्यात आपल्याच चांगल्या पेशींना इजा करतात. पेशीच्या आतही पडझड सुरू होते. तिच्यात लांब वासे असतात, त्यांच्या आधाराने अन्न टोकापर्यंत जातं. ते वासे धरून ठेवणारं दुसरं एक प्रथिन सुटतं आणि त्याचा गुंता होतो. टोकाला काही पोचेनासं झालं की पेशी शेंड्याकडून वाळत येते आणि शेवटी मरते. ती मेली की तिच्या जागी दुसरी येत नाही. हे सगळं कशाने सुरू होतं, आधी काय आणि मग काय, ह्यावर अजून वाद चाललेत. पण बाबांच्या डोक्यात आता हेच चाललंय.

“आणि हे पयलं कुटं लागतं?”

दिशाने कानाच्या वर बोट ठेवलं. इथे, आत. जिथे नव्या आठवणी रुजतात तिथे. म्हणून साधारणपणे नवं आधी जातं, जुनं मागे राहतं. मग ती असंही म्हणाली, की पाटी पुसावी तसं ते जात नाही. एकाच माणसाच्या आठवणीचे धागे अनेक जागी असतात. एखाद्याचं नाव राहतं आणि चेहरा जातो, चेहरा राहतो आणि नाव जातं. दोन्ही असतात, पण एकाकडून दुसऱ्याकडे जायची वाट मोडलेली असते.

हे शेवटचं दमयंतीच्या कानावर पडलं, पण आत गेलं नाही. तिचं मन आधीच्या वाक्यापाशीच फतकल मारून बसलं होतं. नवं आधी जातं, जुनं मागे राहतं. म्हणजे तळाला नर्मदा आणि वर आपण. कीड लागली ती वरून. नर्मदेची चार-पाच वर्षं शाबूत राहणार आणि आपली तीस वर्षं चिकात बरबटून जाणार. हा काय न्याय झाला? खाटल्यावरचं करायचं आपण, आणि आठवणीत राहायचं तिने.

“वरचं ठेवून तळातलं खाईल असं नाय काय औषद?” तिने विचारलं.

दिशा आधी हसली. मग सासूचा चेहरा बघून तिचं हसू जागच्या जागी विरलं. परदेशात नवी औषधं निघालीत, ती हे गठ्ठे काढतात, ती म्हणाली, पण त्यांनी दुखणं थोडं मंदावतं एवढंच. तीही अगदी सुरुवातीला द्यावी लागतात. डॉक्टर म्हणाले, बाबांची ती वेळ गेली. आणि कुठलं ठेवायचं, कुठलं काढायचं, हे कुणाच्याच हातात नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत जे व्हायचं ते झालं. सकाळी कृष्णकांत वाडीतून आले, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि मऊ आवाजात म्हणाले, “नर्मदे.”

दमयंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती पाठ फिरवून भाकरी थापत राहिली. त्यांनी पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा तिला वळावंच लागलं, तर त्यांच्या ओंजळीत मोगरा होता. अजून ओला. “घे, माळ,” ते म्हणाले, “कोमेजतील.”

बघा आता. नावाने हाक मारता येत होती. फुलं आणता येत होती. हा माणूस कोरडा नव्हताच. ओलावा होता, तो सगळा नर्मदेच्या नावाने राखून ठेवलेला होता, आणि दमयंतीच्या वाट्याला खाकरणं आलं होतं. तिने फुलं घेतली. चुलीत टाकावीत असं वाटलं. पण ते बघत उभे होते, लहान मुलासारखे. तिने माळली. दिवसभर डोक्याला वास येत राहिला आणि दिवसभर ती भांडी आपटत राहिली.

मग ते रोजचंच झालं. रोज ओंजळ, रोज ‘नर्मदे’. गंमत अशी की एखाद्या दिवशी ते विसरले तर तिला चुकल्यासारखं होई, आणि चुकल्यासारखं झालं म्हणून स्वतःचाच राग येई. पहिल्या पहिल्यांदा ती सांगे, अहो, मी नर्मदा नाय, मी दमयंती. ते तिच्या पिकल्या केसांकडे, तोंडाकडे बघत, आदबीने मान हलवत, आणि पुन्हा म्हणत, “बरं, नर्मदे.” मग तिने सांगणं सोडलं.

शेजारच्या साखरबाईने आगीत तेल ओतलं. साखरबाई नवमीची ठरलेली सवाष्ण. नर्मदेला तिने पाहिलेलं. ओट्यावर बसून ती कौतुकाने सांगू लागली की खरंच, तेव्हा कृष्णकांत रोज फुलं आणून देत, नर्मदेचा अंबाडा कधी रिकामा नसे, सगळी आळी चेष्टा करी. दमयंतीने तिला चहा दिला, पण त्यात साखर घालायला विसरली. मुद्दाम विसरली.

शैलेशचं वागणं तर तिला फारच लागलं. पोराला आईचं तोंड आठवत नव्हतं. आता बाप नर्मदेच्या काळात राहायला गेल्यावर त्याला जणू खजिना सापडला. कारखान्यातून आला की तो बापाजवळ जाऊन बसे. ती कशी हसायची, बाबा? माझ्यासाठी काय म्हणायची? कृष्णकांत सांगत आणि तो मान खाली घालून ऐके. दमयंती आतून बघे. ह्याला मी वाढवलं, गोवर निघाला तेव्हा मी जागले, ह्याच्या लग्नात मी नाचले, आणि आता हा तिच्या हसण्याची चौकशी करतो. ह्यात त्याचं काही चुकत नाही, हेही तिला कळत होतं. कळत होतं म्हणून तर जास्तच जळत होतं. जिला नाक नाही, डोळे नाहीत, अशा पत्र्याच्या बाईने तिचा नवराही नेला आणि मुलगाही.

भाद्रपद आला. नवमीला शैलेश आणि दिशा दोघांनाही रजा नव्हती. दमयंतीने सगळा स्वयंपाक एकटीने केला. टाक गळ्यातून काढला, दुधाने धुतला, पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. लुगड्याची घडी लावली, ह्या वर्षी तर पिशवीतूनही नीट बाहेर काढली नाही. साखरबाई जेवली, ओटी घेऊन गेली. घरात दोघंच उरली. कृष्णकांत पडवीतून आत आले आणि पाटासमोर थांबले. बराच वेळ त्या टाकाकडे बघत राहिले.

“ही कोण?” त्यांनी विचारलं.

दमयंती आवराआवर करत होती.

“नर्मदे, आपल्या घरातली कोण गेली?”

आता हिने काय म्हणायला हवं होतं? कुणी जुनी बाई, म्हणायचं. आजेसासू, म्हणायचं. ते विसरले असते. पण ती थकलेली होती, उपाशी होती, आणि समोरचा माणूस नर्मदेला नर्मदेबद्दल विचारत होता. तिच्या मनात आलं, एकदा काय तो निकाल लागू दे. नाव घेऊन बघू. हा म्हणेल, कोण दमयंती? म्हणजे तळात आपलं काही उरलेलं नाही हे कळेल, आणि मग ह्या माणसाकडून काही मागायचं आपण सोडून देऊ.

“तुमची दुसरी बायको,” ती म्हणाली. “दमयंती.”

म्हणताना तिच्या अंगावर काटा आला. जिवंतपणी आपल्या तोंडाने आपल्याला मारलं, तेही नवमीच्या दिवशी.

कृष्णकांत म्हणाले नाहीत, कोण दमयंती. ते भिंतीला हात लावून हळूहळू खाली बसले. “कदी?” त्यांनी विचारलं. “दमयंती कदी गेली? मला कुणी सांगितलं कसं नाय?”

आपलं नाव त्या तोंडातून दमयंतीने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

ते रडायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत. आणि रडता रडता नर्मदेशी बोलायला लागले, माणूस जसा जुन्या जवळच्या माणसाशी बोलतो तसं. वाणगावची पोर, म्हणाले. आली तेव्हा केवढीशी होती. दुसरेपणावर आणली म्हणून मला तिच्या तोंडाकडे बघायची लाज वाटे. शैलेशला तिने कधी परका केला नाय.

दमयंतीने खाली बसून घेतलं. ती नर्मदा होऊन विचारल्याशिवाय राहिली नाही. इतक्या वर्षांचं ते कसं राहणार?

“तिला फुलं नाय दिलीत कदी?”

“तुला माळली ती फुलं तिला कशी देऊ?” ते म्हणाले. “उष्टी वाटली असती तिला. मी तिच्यासाठी झाड लावलं. लगीन ठरलं त्या आठवड्यात कलम आणून विहिरीकडं लावलं. तिचं म्हणून. त्याचा एक चिकू बाजारात नाय धाडला.” मग डोळे पुसून ते म्हणाले, “पण तिने एकबी खाल्ला नाय, नर्मदे. उंबऱ्यावर ठेवायचो, ती बाजूला सारायची. मला वाटलं, मी तिला आवडत नाय. मंग मी काय बोलू?”

कलम. कलम आणतानाच हातभर उंच असतं. चिकूच्या वाडीत एवढं आयुष्य काढलेल्या बाईला हे माहीत नव्हतं थोडंच? दर पावसाळ्यात तिच्या डोळ्यांसमोर कलमं येत होती, खड्ड्यांत बसत होती. पण आल्या दिवशी मिरचीवाल्याच्या पोरीने जो अंदाज बांधला, तो तिने पुन्हा कधी तपासून पाहिला नाही. तिला हेव्याची इतकी सवय झाली होती की त्याला पुरावा लागत नव्हता.

“अहो,” ती म्हणाली, “इकडं बघा. मीच दमयंती. मी मेले नाय. मी तुमच्यासमोर बसलेय.”

त्यांनी बघितलं. नीट, डोळे बारीक करून बघितलं. समोर पिकल्या केसांची, जाड चष्म्याची एक बाई होती. मग त्यांच्या चेहऱ्यावर थोडी नाराजी आली.

“गेलेल्या माणसाच्या नावाने अशी थट्टा करू नये, नर्मदे,” ते म्हणाले.

संध्याकाळी शैलेश कामावरून आला तर बाप फाटकातच उभा. “तुजी आई गेली,” कृष्णकांतांनी त्याला सांगितलं. शैलेशने मोटारसायकल स्टँडलाही लावली नाही, ती तशीच आडवी पडली, आणि पायांत बूट घेऊन तो थेट स्वयंपाकघरात धावत आला. दमयंती तांदूळ निवडत होती. तो दारात थांबला. त्याच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. कुठली आई, हे त्याने बापाला विचारलंच नव्हतं.

“काय झालं?” तिने विचारलं. तो तिच्या शेजारी खाली बसला आणि तिच्या ताटातले तांदूळ उगाच चिवडत राहिला. दमयंतीने बूट काढायला सांगितलं. ती त्याला रागावलीसुद्धा. पण त्या रात्री तिने त्याच्या ताटात अळूवड्या वाढल्या त्या मधल्या, खरपूस वाढल्या.

दिशाला तिने खरं काय ते सांगून टाकलं. दिशा चिडली नाही. ती म्हणाली, मी म्हटलं होतं ना आई, नाव राहतं, चेहरा जातो. तुम्ही बाबांच्या डोक्यातून गेलाच नव्हतात. तुमच्या नावापासून तुमच्या तोंडापर्यंत जी वाट होती तेवढी मेलीय. आता आपण रोज सांगू, कदाचित एखाद्या वेळी पटेल. त्यांनी रोज सांगितलं. शैलेशने दमयंतीच्या लग्नातले फोटो दाखवले. कृष्णकांतांनी फोटोतल्या मुलीवरून बोट फिरवलं, तिला ओळखलं, आणि पुन्हा रडले. त्यांच्या लेखी ती आता कायमची गेलेली होती. इतर सगळं ते विसरत, एवढंच विसरेनात. दुःखाची गोष्ट बसली ती बसलीच. कशी बसली ते दिशालाही सांगता आलं नाही.

टाक दमयंतीने पुन्हा गळ्यात बांधायला घेतला तर त्यांनी बांधू दिला नाही. तिला देव्हाऱ्यात बसव, म्हणाले. तेव्हापासून टाक देव्हाऱ्यात आहे. सकाळची मोगऱ्याची ओंजळ आता तिथे जाते. स्वयंपाकघराच्या दारावरून ते सरळ पुढे निघून जातात, आणि दमयंतीचा अंबाडा रिकामा राहतो. तिला वाटलं होतं, आपल्यासाठी कुणी रडलं तर बरं वाटेल. वाटलंही, एक दिवस. दुसऱ्या दिवशी ती फुलांकडे बघत उभी राहिली आणि पोटातलं जुनं दुखणं पुन्हा उठलं. ती जी देव्हाऱ्यात बसली होती, ती तरुण होती, चांगली होती, नवऱ्याच्या जिवात होती. हिला तिच्यासारखं कधीच होता येणार नव्हतं. बिचाऱ्या नर्मदेचं तर घरात आता टाकापुरतंही काही राहिलं नव्हतं. दोघी बायका आपापल्या जागा चुकून बसल्या होत्या.

नवमीला काढलेले विहिरीकडचे चिकू आठवड्याभरात पेंढ्यात पिकले. कृष्णकांतांनी त्यातला एक निवडला. बोटांनी दाबून बघितला, आणि ते बोटांना अजून आठवत होतं. त्यांनी तो हाताने फोडला. एक फोड टाकापुढे ठेवली, हात जोडले. दुसरी फोड घेऊन ते दमयंतीपाशी आले.

“घे,” ते म्हणाले. “तिच्या झाडाचा आहे. तिने नाय खाल्ला, तू तरी खा.” मग तिच्याकडे बघून त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, ते आवाज खाली आणून म्हणाले, “नर्मदे, तिचं एवढं करतो म्हणून तुला राग नाय ना येत? गेलेल्या बाईवर जळू नये गं. बाई चांगली होती.”

दमयंतीने फोड तोंडात घातली. चिकू साखरेहून गोड होता. इतकी वर्षं तो उंबऱ्यावर येत होता आणि ती बाजूला सारत होती.

“नाय जळत,” ती म्हणाली, आणि देव्हाऱ्याकडे बघितलं नाही.